बटण दाबल्यावर

हात बटणावरून काढा. चार-पाच वेळा दाबून झालं असेल. एकदा हळूच, एकदा जोरात, एकदा बराच वेळ धरून. आता नको. कॉम्प्युटर सुरू होत नाहीये हे कळलं आहे, आणखी दाबून त्या माहितीत भर पडणार नाही. खुर्ची थोडी मागे घ्या. डोक्यावरचा पंखा बंद करा, कारण पुढे ऐकण्याचं काम बरंच आहे. घरात कुणी मागे उभं राहून ‘काय झालं? गेला का?’ विचारत असेल, तर त्याला चहा टाकायला पाठवा.

आधी मनात काय चाललंय ते पाहू. अशा वेळी दोन भीती एकदम येतात आणि एकमेकींत इतक्या गुंततात की एकच वाटतात. पहिली खर्चाची. दुसरी आत जे होतं त्याची: मुलीच्या बारशाचे फोटो, वडिलांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद, अर्धवट राहिलेला प्रबंध, सोसायटीचे हिशेब. दुसरी भीती मोठी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबा. हे सगळं हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतं, आणि वीज नसतानाही ते तिथेच असतं. रोज रात्री कॉम्प्युटर बंद करून झोपता तेव्हाही ते तिथेच असतं. शिवाय सुरू होण्याच्या क्रमात डिस्क वाचण्याची पाळी फार उशिरा येते. आधी वीज, मग मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पडदा, आणि त्यानंतर कुठे डिस्क. ज्या कॉम्प्युटरचा पंखासुद्धा फिरत नाही, त्याने तुमच्या फोटोंना हातही लावलेला नाही. वीज कडाडून घरातलं सगळंच जळालं असेल तर डिस्कही जाऊ शकते, हे खरं. पण बटण दाबून काहीच होत नाही अशा बहुतेक वेळी बिघाड डिस्कच्या बराच अलीकडे असतो. ‘सुरू होत नाही’ आणि ‘गेलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ती वेगळी झाली की श्वास थोडा मोकळा होतो, आणि डोकं कामाला लागतं.

आता बटण एकदाच दाबा, पण पडद्याकडे न पाहता. कान कॅबिनेटजवळ न्या. ज्या डब्याला घरोघरी ‘सीपीयू’ म्हणतात त्याच्याजवळ. काय ऐकू येतं? अजिबात काही नाही? की पंखा जरासा हलून थांबला? की पंखा नेहमीसारखा फिरतोय, फक्त पडदा काळा आहे? बाहेरून हे तिन्ही ‘बंद पडलाय’ असंच दिसतं, पण तिघांची कारणं निराळी, वाटा निराळ्या. पडद्यावर एखादं अक्षर जरी उमटलं, कंपनीचं चिन्ह दिसलं, तर तुमचा आजार चौथा आहे. वीज पोचली आहे, आणि पुढचं सगळं वाचण्याची तुम्हाला गरज नाही. जे ऐकलं ते कागदावर लिहून ठेवा. उगाच वाटेल, पण अर्ध्या तासाने ‘मघाशी पंखा हलला होता का?’ या प्रश्नावर घरात वाद होतो, तो टळतो.

काहीच ऐकू आलं नाही, असं धरून चालू. विजेच्या वाटेनेच जायचं, भिंतीपासून. टेस्टर लावला, त्यातला दिवा लागला, की सप्लाय आहे असं आपण समजतो. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेली असेल तर त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. त्यापेक्षा त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावा. तो लागला तर भिंतीचा प्रश्न संपला. मग एक्स्टेंशन बोर्ड. त्याला स्वतःचं बटण असतं, काहींना उडणारा छोटा फ्यूजही असतो. मग यूपीएस. त्यातली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि काही यूपीएस असे असतात की बॅटरी मेली तर भिंतीतून वीज येत असूनही ते पुढे काहीच सोडत नाहीत. तेव्हा यूपीएस आणि एक्स्टेंशन दोन्ही बाजूला काढा, कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीत लावा. वायरचाच संशय असेल तर मॉनिटरची वायर काढून इथे लावून पाहा. बहुतेक वेळा दोन्ही सारख्याच असतात.

कॅबिनेटच्या मागे, जिथे ही वायर शिरते, तिथे एक छोटा स्विच असतो. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. दिवाळीची साफसफाई झाली, टेबल पुढे ओढलं, मागची जळमटं काढली, की हा स्विच हमखास दाबला जातो किंवा वायर अर्धी बाहेर येते. ती आत दाबा, चांगली घट्ट. शेजारी जुन्या पद्धतीची लाल सरकती खिट्टी दिसली, तर ती २३० वरच आहे ना एवढं पाहा. ती ११५ वर सरकवून कुणी प्लग लावला तर आपल्याकडच्या विजेवर आत स्फोट झाल्यासारखा आवाज होतो.

इथवर सगळं ठीक असेल तर थोडं थांबू. इथून पुढे गोष्ट मजेची आहे.

बंद केलेला कॉम्प्युटर खरं तर पूर्ण बंद नसतो. जुन्या काळच्या कॉम्प्युटरमध्ये पुढचं बटण म्हणजे खरोखरचा विजेचा स्विच होता. भिंतीतून येणारा करंट जाड वायरीतून त्या बटणापर्यंत येई. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे बदललं. आता त्या बटणामागे दोन बारीक वायरी असतात. बटण दाबलं की त्या क्षणभर एकमेकींना टेकतात, आणि एवढंच. बटण म्हणजे दाराची घंटा. दार उघडतो तो आतला माणूस. आणि घंटा ऐकायला तो जागा असावा लागतो. म्हणून एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूचा विजेचा डबा, कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डला पाच व्होल्ट सतत देत राहतो. त्याच्यासाठी एक वेगळी जांभळी वायर असते. तुम्ही झोपलेले असता, घर कुलूपबंद असतं, तरी त्या जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट असतात.

ही जाग आहे की नाही, हे डबा न उघडता पाहता येतं. रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर तुमच्या वायरवाल्या माऊसखाली कधी लाल उजेड दिसला आहे? कॉम्प्युटर बंद, पण माऊस मात्र पेटलेला? तोच तो पाच व्होल्टचा उजेड. आता माऊस उलटा करून पाहा. उजेड असेल तर फार मोठी बातमी आहे: भिंतीपासून मदरबोर्डपर्यंतची वाट उघडी आहे आणि एसएमपीएसचा निदान एक भाग जिवंत आहे. उजेड नसेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. काही मदरबोर्ड बंद असताना माऊसला वीज देतच नाहीत. अनेक मदरबोर्डवर स्वतःचा एक बारीक दिवा असतो, कॅबिनेटच्या फटीतून तो दिसतो का पाहा.

जाग आहे, पण बटण दाबून काही होत नाही. मग घंटाच बिघडली असेल. कॅबिनेटची कडेची पत्र्याची बाजू दोन स्क्रू काढले की सरकते. आत, मदरबोर्डच्या खालच्या कडेला, पुढच्या बाजूने आलेल्या बारीक रंगीत वायरींचा झुबका दिसेल. त्यात पॉवरच्या दोन आणि रिसेटच्या दोन. दुकानदार काय करतो, तर रिसेटची जोडी काढून पॉवरच्या जागी लावतो आणि रिसेटचं बटण दाबतो. कॉम्प्युटर सुरू झाला तर रोग फक्त बटणाचा. मला ही युक्ती फार आवडते. नवीन काही आणावं लागत नाही, मोजावं लागत नाही. जे चांगलं आहे ते संशयिताच्या जागी ठेवायचं आणि पाहायचं. वायर बदलताना मघाशी आपण हेच केलं होतं.

अजूनही हालचाल नसेल तर एक उपाय करा. भिंतीचा प्लग काढा. प्लग निघालेला असताना बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. आत उरलासुरला चार्ज असेल तो निघून जातो. कधी कधी जाता जाता पंखा एक गिरकीही घेतो आणि माणूस दचकतो. मग मिनिटभर काही करू नका. हे मिनिट फुकट जाऊ देणं अवघड असतं, पण त्याला कारण आहे. एसएमपीएसला आत कुठे गडबड वाटली तर तो स्वतःला कुलूप लावून घेतो, आणि पुष्कळ एसएमपीएसचं हे कुलूप भिंतीची वीज पूर्ण तुटल्याशिवाय निघत नाही. विजेचा झटका येऊन गेल्यावर ‘मेलेले’ कॉम्प्युटर या एका मिनिटाने उठून बसतात. लॅपटॉपलाही हाच उपाय: चार्जर काढायचा, पेन ड्राइव्ह वगैरे काढायचे, बटण अर्धा मिनिट धरायचं, मग चार्जर लावून पुन्हा. प्लग लावलेला असताना मात्र बटण धरून ठेवायचं नाही, कारण चार सेकंद धरलं की त्याचा अर्थ ‘जबरदस्तीने बंद हो’ असा होतो. सुरू होऊ घातलेल्या यंत्राला घाबरलेला माणूस असाच पुन्हा पुन्हा बंद करत राहतो.

आता दुसरा प्रकार: पंखा जरासा हलून थांबतो. या हलण्याचा अर्थ बहुतेक लोक ‘एसएमपीएस गेला’ असा लावतात आणि नवीन आणतात. नवीनही तसाच हलून थांबतो. कारण एसएमपीएस इथे त्याचं काम चोख करत असण्याची शक्यता बरीच आहे. त्याने वीज सोडली, पुढे कुठेतरी शॉर्ट दिसला, त्याने वीज तोडली. अपराधी पुढे आहे. पुढचं यूएसबीचं तोंड पाहा. आतली पट्टी वाकून पिना एकमेकींना टेकल्या असतील. मदरबोर्डखाली निसटलेला स्क्रू असेल. नसेल दिसत, तर एकेक वजा करत चला: प्रिंटर, स्पीकर, पेन ड्राइव्ह, मग ग्राफिक्स कार्ड, मग डिस्कची वायर. शेवटी एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एकच रॅम एवढंच उरलं पाहिजे. प्रत्येक वेळी प्लग काढून, एकच गोष्ट काढायची, मग प्लग लावून बटण दाबायचं. एकच. तीन गोष्टी एकदम काढल्या आणि कॉम्प्युटर सुरू झाला, तर तुम्हाला आनंद होईल आणि कारण कळणार नाही. पुढच्या आठवड्यात तोच खेळ पुन्हा. या साऱ्या प्रकारात हुशारीचं काम थोडं आहे. हात आवरण्याचं काम जास्त.

तिसरा प्रकार घरगुती आणि बराचसा सुसह्य. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. आधी मॉनिटरची केबल पाहा. ग्राफिक्स कार्ड असूनही ती मदरबोर्डच्या तोंडात लावलेली सापडते. मग रॅम. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मागे करून रॅमची पट्टी सरळ वर काढा. खिडकीजवळ न्या. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात ओळीने दिसतील. नीट पाहिलं तर त्यांच्यावर एक मंद, मळकट थर असतो, विशेषतः पावसाळ्यानंतर. मुलाच्या कंपासपेटीतला साधा पांढरा खोडरबर त्यावर हलक्या हाताने एका दिशेने फिरवा, चुरा झटका, पट्टी परत बसवा. दोन्ही खिट्ट्यांचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. एकच आला तर पट्टी बसलेली नाही. आपल्या हवेत निम्मे ‘डिस्प्ले येत नाही’ इथेच मिटतात, असं कुठलाही दुकानदार सांगेल. मदरबोर्डवरची रुपयाएवढी सीआर २०३२ बॅटरी गेली तर तारीख-वेळ विसरली जाते. तिच्यामुळे कॉम्प्युटर सुरूच न होणं क्वचित घडतं, पण ती स्वस्त आहे, बदलून टाका.

आणि मदरबोर्ड उघडाच आहे तर एका गोष्टीकडे पाहून घ्या. प्रोसेसरच्या आसपास छोटी उभी नळकांडी दिसतील, ते कपॅसिटर. त्यांचा माथा सपाट असायला हवा. काहींच्या माथ्यावर फुलीसारखी खाच मुद्दाम कोरलेली असते, आतला दाब वाढला तर तिथून फाटावं म्हणून. माथा फुगलेला, किंवा खाचेतून तपकिरी चिकट थर वर आलेला दिसला, तर शोध संपला. २००० सालच्या पुढेमागे काही वर्षं सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डवर बसले आणि असे फुगून गेले. आता मदरबोर्डवर बहुधा घन प्रकारचे असतात, पण एसएमपीएसच्या आत जुन्या धाटणीचे असतातच, आणि उष्णतेने वर्षागणिक त्यांची ताकद कमी होते. ‘आमचा कॉम्प्युटर सकाळी तिसऱ्या वेळी सुरू होतो’ असं लोक कौतुकाने सांगतात. त्यात कौतुकासारखं काही नाही. तो सूचना देतोय.

काल रात्रीपर्यंत चालू होता, आज सकाळीच कसा गेला, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. यंत्राला चालण्याचा त्रास कमी होतो. सुरू होण्याचा जास्त. २३० व्होल्टची वीज सरळ केली की एसएमपीएसच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट तयार होतात, आणि पहिल्या क्षणी रिकामा असलेला मोठा कपॅसिटर ते घटाघटा पितो. थंड भाग तापतात, फुगतात. जे तडकायचं ते तडकतं. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात १९४६ साली एनिॲक नावाचा खोलीभर कॉम्प्युटर लोकांसमोर आला. त्यात सुमारे १८,००० काचेच्या ट्यूब होत्या. त्या बहुधा जायच्या त्या तापताना किंवा निवताना, म्हणून चालवणाऱ्यांनी तो शक्यतो बंदच न करण्याचा मार्ग धरला. तुम्हाला तसं करायचं कारण नाही. पण ‘मी कालच नीट बंद केला होता’ म्हणून स्वतःकडे किंवा मुलाकडे संशयाने बघू नका.

एसएमपीएस दर वेळी स्वतःबद्दल एक खबर देतो, तीही सांगून ठेवतो. सुरू झाल्यावर सेकंदाच्या काही भागात तो सगळे व्होल्ट जागेवर आले का हे तपासतो आणि एका राखाडी वायरीवरून ‘ठीक’ असं कळवतो. ती खूण येईपर्यंत प्रोसेसर हलत नाही. म्हणून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस बरा, असं नसतं. पंख्याला बारा व्होल्ट पुरतात. प्रोसेसरला सगळ्यांचा होकार लागतो.

कुठे थांबायचं तेही ठरवून घ्या. जळका वास आला तर लगेच प्लग काढा आणि पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल तर बहुतेक सॉकेटला अर्थिंग नाही. आधी वायरमन, मग कॉम्प्युटर. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर ते तीनशेवर व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. तिथे कुतूहल दाखवू नका. डबा अख्खा बदलतात.

ऋतूही विचारात घ्या. गणपतीला गावी गेलात, घर आठ-दहा दिवस बंद होतं, आल्या आल्या बटण दाबलं आणि काहीच झालं नाही: कोकणात आणि मुंबईत हे नेहमीचं. धूळ एकटी निरुपद्रवी, पण ओली धूळ वीज वाहून नेते. पत्रा उघडा, कोरड्या ब्रशने धूळ काढा, कॅबिनेट दिवसभर पंख्याखाली राहू द्या, मगच वीज द्या. झुरळं, मुंग्या, पाल यांनी एसएमपीएसच्या उबेत आसरा घेतलेला सापडणं ही अतिशयोक्ती नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडल्यानंतर बिघडलेला कॉम्प्युटर असेल तर इंटरनेटच्या केबलकडेही पाहा. भिंतीचा प्लग काढून ठेवणारे शहाणे लोक ती केबल मात्र तशीच लावून ठेवतात, आणि धक्का तिच्यातून येतो.

एवढं करूनही तो गप्प असेल तर दुकानाची पाळी. पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर कुणीतरी असतोच. जाण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. विजेचा बिघाड शोधायला ती लागत नाही, आणि ‘फॉरमॅट मारून पाहतो’ हा प्रश्नच उरत नाही. डिस्कसाठी यूएसबीचं केसिंग मिळालं तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फोटो आजच उतरवून घेता येतील. विंडोजने डिस्कला कुलूप लावलेलं असेल तर रिकव्हरी की मागितली जाईल, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. दुकानदाराला ‘बंद पडलाय’ एवढंच सांगू नका. कागद काढा आणि वाचून दाखवा: माऊसचा दिवा लागतो, पंखा क्षणभर हलतो, यूपीएस काढून पाहिला, रॅम पुसून पाहिली. असं गिऱ्हाईक समोर असलं की मदरबोर्ड बदलायचा सल्ला देण्याआधी तो एकदा विचार करतो. आणि काही बदललंच, तर जुना भाग मागून घ्या. तो तुमचाच आहे.